वेगाचा लगाम कोणाच्या हाती: ग्राफिक्स कार्डांवरील मर्यादांचा इतिहास

संगणकाच्या पडद्यावरचे चित्र घडवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाची मुख्य चिप ज्या लयीत काम करते, तिला क्लॉक म्हणतात आणि कारखान्याने ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे ती लय वाढवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. सगळ्या चिप सारख्या क्षमतेच्या उतरत नाहीत. त्यामुळे छापील गती कमजोर चिपलाही पेलेल अशी ठेवली जाते आणि चांगल्या चिपमध्ये बरीच ताकद शिल्लक राहते. हौशी मंडळींचा डोळा याच शिलकीवर होता. २००३ मध्ये ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एटीआय या कंपनीने रेडिऑन ९८०० एक्सटीसोबत चिपचे तापमान पाहून आपोआप गती वाढवणारी ‘ओव्हरड्राइव्ह’ ही सोय देऊन या हौसेला अधिकृत मान्यताच दिली.

पुढे सूर बदलला. गतीसाठी व्होल्टेज वाढवले की विद्युतप्रवाह आणि तापमानही वाढते. चिपमधील सूक्ष्म तारांतून वाहणारे इलेक्ट्रॉन धातूच्या अणूंना हळूहळू ढकलत नेतात आणि अखेरीस तार तुटते. विद्युतप्रवाहाची घनता आणि तापमान यांवरून तिच्या आयुर्मानाचा अंदाज बांधणारे समीकरण जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्येच मांडले होते. मार्च २०११ मध्ये एनव्हिडिया या चिपनिर्मात्या कंपनीचे दोन चिपांचे जीटीएक्स ५९० कार्ड बाजारात आले, तेव्हा परीक्षणासाठी दिलेली काही कार्डे व्होल्टेज वाढवताच जळाली. २०१२ मध्ये एनव्हिडियाच्या चिप वापरून कार्डे बनवणाऱ्या ईव्हीजीएला आपल्या जीटीएक्स ६८० क्लासिफाइड कार्डावरून व्होल्टेज वाढवणारे उपकरण जोडण्याची जागाच काढून टाकावी लागली. वाढीव व्होल्टेजने चिपचे आयुष्य घटते, हे एनव्हिडियाचे त्यामागचे समर्थन होते.

हे समर्थन शास्त्राला धरून असले तरी अपुरे आहे. जुलै २००८ मध्ये लॅपटॉपमधील सदोष चिपांसाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद एनव्हिडियालाच जाहीर करावी लागली होती आणि तो दोष ग्राहकांच्या उपद्व्यापाचा नव्हता: चिपला आधारपट्टीशी जोडणारे डाखाचे बारीक ठिपके वारंवार तापून-निवून तडकत होते. टिकाऊपणाची जबाबदारी निर्मात्याकडून सुरू होते, ही गोष्ट मर्यादांच्या चर्चेत अन्यायाने मागे पडली.

तापमानाच्या मर्यादेचे महत्त्व मात्र बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील खकनारसारख्या उष्ण ठिकाणी विशेष जाणवावे. फेब्रुवारी २०१३ मध्ये जीटीएक्स टायटनसोबत आलेल्या पद्धतीत चिप ८० अंश सेल्सिअसजवळ पोहोचली की कार्ड स्वतःच गती उतरवू लागे. पंखा किती उष्णता बाहेर टाकू शकतो, हे चिप आणि खोलीतील हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. खोली २५ अंशांवर असेल तर हा फरक ५५ अंशांचा असतो. तापीच्या खोऱ्यातल्या मे महिन्यात खोलीच ४२ अंशांवर गेली तर तो ३८ उरतो, म्हणजे पंख्याच्या त्याच वेगाने जवळपास तीस टक्के कमी उष्णता बाहेर पडते. अशा वेळी गती उतरवणारी मर्यादा कार्ड वाचवते. तिला ग्राहकाच्या स्वातंत्र्यावरचा घाला म्हणणे योग्य नाही.

व्होल्टेजच्या कुलपाबाबत असे म्हणता येत नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधील ओव्हरक्लॉकिंग ड्रायव्हरमधून बंद केले आणि ग्राहकांचा रोष पाहून त्याच महिन्यात ते परत देण्याचे कबूल केले. तरीही २०१६ च्या पास्कल पिढीत कंपनीची डिजिटल स्वाक्षरी नसलेले, म्हणजे कोणी परस्पर बदललेले, बायोस (कार्डाच्या मर्यादा ठरवणारे त्यातील मूळ सॉफ्टवेअर) कार्ड स्वीकारीनासे झाले आणि व्होल्टेजची कमाल पातळी ठरवण्याचा अधिकार बव्हंशी निर्मात्याकडेच राहिला.