परांचीवरचा सोबती

इमारतीचे काम चालू असले की बाहेर पाटी लागते : ‘सावधान, काम चालू आहे.’ वीट पडेल, पाय घसरेल, ही भीती सर्वांनाच ठाऊक असते. तिच्यासाठी टोपी आहे, पट्टा आहे, जाळी आहे. पण परांचीवरच्या गवंड्याला आतून जगणेच नकोसे झाले आहे, हे कोणत्या पाटीवरून कळावे? वाचकहो, या प्रश्नाला हात घालायला ऑस्ट्रेलियातल्या बांधकाम कामगारांना दीडशे वर्षे लागली. त्यांचीच हकीकत आज सांगायची आहे.

21 एप्रिल 1856 रोजी मेलबर्नच्या पाथरवटांनी विद्यापीठाच्या कामावरची हत्यारे खाली ठेवली आणि मोर्चा काढला. मागणी होती आठ तासांच्या दिवसाची. ती त्यांनी मिळवली. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. शरीर थकते, ही गोष्ट अशी हळूहळू मान्य झाली. मनही थकते, हे मात्र कामावर कोणी बोलेना.

बोलणार तरी कसे? कायद्याचाच धाक होता. जीव देण्याचा प्रयत्न हा इंग्लंडात 1961 पर्यंत गुन्हा होता. आपल्या 1860 च्या दंडसंहितेतही 309 वे कलम होते. मुंबईतल्या एका पोलीस शिपायाच्या खटल्यात 1986 साली मुंबई उच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. पण 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम राखले. पुढे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने सांगितले, की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे समजावे, त्याला शिक्षा करू नये, त्याची काळजी घ्यावी. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या न्यायसंहितेत ते जुने सरसकट कलम उरलेले नाही.

दरम्यान 1953 साली लंडनमध्ये चॅड वारा या धर्मोपदेशकाने निराश माणसांसाठी एक टेलिफोन सुरू केला. भेटायला येणारे इतके वाढले, की त्यांना बाहेर थांबावे लागे. तेव्हा साधे स्वयंसेवक त्यांना चहा देत, त्यांच्याशी बोलत बसत. आणि गंमत अशी, की पुष्कळांना त्या बोलण्यानेच हलके वाटे. आत जाण्याची गरजच उरत नसे! ऐकून घ्यायला पदवी लागते असे नाही, हा मोठाच शोध होता.

तो बांधकामावर पोचायला मात्र वेळ लागला. 2006 साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात तिथल्या बांधकाम कामगारांच्या आत्महत्यांचा अभ्यास झाला. त्यांचे प्रमाण इतर पुरुषांहून अधिक आढळले; तरुण कामगारांत तर ते फारच होते. काम संपले की नोकरी संपते, घर दूर राहते, कर्ज वाढते. त्यातून ‘मर्दाने रडू नये’ ही शिकवण. कामगार डॉक्टरकडे जात नव्हता. बोललाच तर शेजारी काम करणाऱ्या सोबत्याशी बोलत होता.

मग त्या सोबत्यालाच का तयार करू नये? 2008 साली ‘मेट्स इन कन्स्ट्रक्शन’ ही संस्था निघाली. मेट म्हणजे सोबती. मालक आणि कामगार संघटना, एरवी समोरासमोर उभे राहणारे, इथे एकत्र आले. पद्धत साधी. कामावरच सर्वांना थोडक्यात माहिती द्यायची. त्यांतून काही जण पुढे येतात. त्यांना अधिक शिकवायचे. टोपीवरच्या चिकटपट्टीवरून ते ओळखू येतात. त्यांनी उपचार करायचे नाहीत. खचलेल्या माणसाला एकटे सोडायचे नाही आणि मदत करणाऱ्यापर्यंत पोचवायचे, एवढेच. ही चळवळ पुढे इतर राज्यांत, खाणींत आणि 2019 साली न्यूझीलंडमध्येही गेली.

आता आपल्या नाक्यावर या. गाव सोडून आलेला बिगारी, अंगावर मुकादमाची उचल, भाषा परकी, बायकामुले दूर. त्याचा सोबती कोण? कदाचित तुम्हीच, मुकादम, शेजारी किंवा नुसते चहावाले. रोज बोलणारा गप्प झाला, जेवण टाकू लागला, आपल्या वस्तू वाटू लागला, तर त्याला बाजूला घ्या. सरळ विचारा, ‘बाबा, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते का?’ असे विचारल्याने तो विचार मनात भरतो, हा समज खरा नाही. उलट विचारणारा भेटला म्हणून माणूस मोकळा होतो. उपदेश करू नका. ऐका, जवळ बसा. 14416 हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक आहे. 2022 साली सुरू झालेली ही सरकारी सेवा आहे. तिथे मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत आणि ती रात्रंदिवस चालू असते. हा फोन त्याच्याबरोबर बसूनच लावा. आणि हे वाचताना तुमचे स्वतःचेच मन जड झाले असेल, तर तो क्रमांक तुमच्यासाठीही आहे.

परांची बांधताना एक जण खालून बांबू धरतो, तेव्हाच दुसरा वर चढतो. ही रीत गवंड्याला कोणी नव्याने शिकवायला नको. ती मनालाही लावायची, एवढेच काम उरले आहे.