जेकब, सर जॉर्ज ले ग्रँड
(२४ एप्रिल १८०५–२७ जानेवारी १८८१). मुंबई इलाख्याच्या फौजेतील इंग्रज अधिकारी. कोल्हापूरचा १८५७ चा उठाव मोडणारा म्हणून इतिहासात नोंद. काठेवाडात असताना डॅनिश प्राच्यविद्यापंडित वेस्टरगार्ड यांच्यासह त्याने गिरनारच्या अशोकलेखाचे ठसे घेतले; त्याचे हे काम मोलाचेच आहे.

३१ जुलै १८५७ च्या रात्री कोल्हापुरात २७ वी देशी पलटण उठली. इराणच्या मोहिमेवरून परतलेल्या जेकबला मुंबई सरकारने तातडीने इकडे धाडले. त्याने पलटणीची शस्त्रे काढून घेतली. ६ डिसेंबरला बंडवाल्यांनी शहराचे दरवाजे आतून लावून घेतले, तेव्हा ते फोडून तो आत शिरला आणि हाती लागलेल्या पुढाऱ्यांना देहदंड दिला. छत्रपती बाबासाहेब महाराजांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांच्यावर त्याचा संशय होता. त्यांना कराचीस नेऊन नजरकैदेत ठेवले; १८६९ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी जेकबला ‘सर’ हा किताब मिळाला, हा योग कोल्हापूरकराला आजही बोचतो.

मेजर जनरल म्हणून निवृत्त झाल्यावर त्याने पश्चिम हिंदुस्थानातील उठावाच्या आठवणी लिहिल्या (१८७१). शासनकर्त्याच्या बाजूने लिहिलेल्या असल्या तरी अभ्यासकाला त्या टाळता येत नाहीत. कोल्हापुरात चौकाला नाव आहे ते चिमासाहेबांचे.