तारा, कंस आणि टीप

नेवाशावरचे जुने मजकूर संगणकात घालून नुसते ‘नेवासा’ शोधले, तर बरीच पाने हातून निसटतात. कुठे ‘नेवासे’ असते, जुन्या छपाईत ‘नेवासें’, आणि विभक्ती लागली की ‘नेवाशात’, ‘नेवाशाला’. शके १२१२ मध्ये ज्या गावी ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, त्याचे नाव इतक्या रूपांनी वावरते. ती सगळी रूपे एका ओळीत धरता येतात:

नेवा(सा|सें?|शा)

उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. प्रश्नचिन्हाच्या आधीची खूण असो वा नसो, दोन्ही चालते. ही खूण इथे फक्त अनुस्वार आहे. डोळ्याला ‘सें’ एकच अक्षर दिसते, पण युनिकोडमध्ये स, मात्रा आणि अनुस्वार ही तीन वेगळी चिन्हे आहेत. हे ठाऊक नसलेला माणूस ते प्रश्नचिन्ह चूक समजून पुसणारच.

अशा नमुन्यांना रेग्युलर एक्स्प्रेशन किंवा रेजेक्स म्हणतात, आणि त्यांचा जन्म कागदावरचा. मॅककलक आणि पिट्स यांनी १९४३ मध्ये मज्जापेशींचे गणिती प्रारूप मांडले होते. त्यावर विचार करताना गणितज्ञ स्टीफन क्लेनी यांनी १९५१ मध्ये अशी चिन्हे योजली. ‘कितीही वेळा’ सांगणारा तारा (*) त्यांचाच. १९५६ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या निबंधात चिन्हांच्या अवतीभवती पानेच्या पाने स्पष्टीकरण होते.

केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये तीच चिन्हे मजकूर शोधायला जुंपली. १९७३ मध्ये युनिक्सवर ‘ग्रेप’ हे शोधसाधन आले. ओळ टंकायची, उत्तर बघायचे, विसरून जायचे. तिथे आखूडपणा हा गुणच होता. पुढे याच ओळी वर्षानुवर्षे चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जाऊन बसल्या, स्पष्टीकरण मात्र मागेच राहिले. माझ्या मते रेजेक्सच्या दुर्बोधतेचे मूळ इथे आहे, चिन्हांत नाही.

१९९४ मध्ये लॅरी वॉल यांच्या पर्ल ५ या प्रोग्रॅमिंग भाषेने ती उणीव भरली: एक खूण दिली की नमुन्यातल्या मोकळ्या जागा यंत्र सोडून देते आणि # पुढचा मजकूर टीप मानते. पायथननेही ही सोय घेतली.

नेवा # सर्व रूपांत कायम
(
सा # रूढ नाव
| सें? # नेवासे, जुन्या छपाईत अनुस्वारासह
| शा # सामान्यरूप: नेवाशात, नेवाशाला
)

यंत्राला दोन्ही सारखेच. माणसाला मात्र प्रत्येक ओळीचे कारण कळते, आणि नवे रूप सापडले की कुठे घालायचे तेही. शेजारी सापडायलाच हवेत आणि सापडू नयेत अशा शब्दांची यादी ठेवावी. बदल केला की ती पुन्हा चालवून पाहावी. ‘नेवासेकर’ हे आडनावही या जाळ्यात येते. ते हवे की नको, याचीही टीप तिथेच लिहावी.