कायद्याची टोपी

थंडीची चाहूल लागली की आपल्या गटांमध्ये लोकर आणि सुया बाहेर निघतात. नवीन शिकणारीला आधी मफलर नाहीतर टोपी करायला सांगतात. टोपीला लोकर थोडी लागते, टाके सुलट-उलट एवढेच, आणि चार-पाच दुपारांत वस्तू तयार होऊन कुणाच्या तरी डोक्यावर बसते. अशा या साध्या टोपीसाठी एका देशात चक्क कायदा झाला होता. आज त्याची गोष्ट सांगते.

देश इंग्लंड, काळ साडेचारशे वर्षांपूर्वीचा. तिथल्या थंडीत डोकं उघडं ठेवून चालायचं नाही. शेतकरी, खलाशी, कारागीर, दुकानातली पोरं, सगळ्यांच्या डोक्यावर लोकरीची विणलेली टोपी असे. लंडनमध्ये जुन्या जागा खणताना अशा टोप्या चिखलात सापडल्या आणि तिथल्या संग्रहालयात ठेवल्या आहेत. त्या नीट पाहिल्या तर टाके चटकन दिसतच नाहीत. कापड जाड, दाट, नमद्यासारखं.

त्याचं कारण त्यांच्या पद्धतीत आहे. टोपी डोक्याच्या मापाची विणतच नसत, चांगली मोठी, ढगळ विणायची. मग ती ओली करून, माती लावून पायांनी तुडवायची. ही माती म्हणजे आपण तोंडाला लावतो त्या मुलतानी मातीची बहीणच. ती लोकरीतलं तेल ओढून घेते. तुडवून तुडवून टोपी आटते, तंतू एकमेकांत गुंततात आणि पाणी सहज आत जात नाही. हे तुडवण्याचं काम करणाऱ्यांना तिथे 'वॉकर' म्हणत. आज जे वॉकर आडनावाचे साहेब भेटतात, त्यांच्या कुणा पूर्वजाने लोकर तुडवलेली असणार. तुडवून झालं की काटेरी बोंडांनी घासून लव वर काढायची, कातरीने सारखी करायची, रंगवायची, आकाराच्या ठोकळ्यावर चढवायची.

आता यातली गंमत बघा. एवढं तुडवल्यावर एखादा टाका सैल आहे की घट्ट, कोण बघणार? नवख्या हाताचं काम त्यात खपून जाई. म्हणून विणण्याचं काम घरोघरी वाटता येत असे. आपल्या बाजारातल्या बहुतेक स्वस्त लोकरीत अ‍ॅक्रिलिक असतं, ते असं आटत नाही. त्यामुळे आपल्याला टाके मोजूनच घालावे लागतात. आधी हातभर नको, पण बोटभर लांबीरुंदीचा नमुना विणून बघा, एका इंचात किती टाके बसतात ते मोजा, आणि डोक्याच्या घेरापेक्षा दीड-दोन इंच कमी धरून टाके घाला. विणकाम ताणतं, टोपी डोक्यावर घट्ट बसते.

पण जे काम कुणालाही येतं, त्याला मोल कमी मिळतं, हेही त्या काळात दिसतं. टोप्यांचा व्यापारी लोकर घ्यायचा, सूत कातून घ्यायचा, विणायला बाहेर द्यायचा आणि तुडवणं, रंगवणं, विकणं आपल्या हातात ठेवायचा. कॉव्हेंट्री गावात या धंद्यावर माणसं श्रीमंत झाली, नगरशेठ झाली. आणि विणणाऱ्या? १५७० साली नॉर्विच शहराने आपल्याकडच्या गरिबांची घरोघर मोजदाद केली. त्या यादीत कातणाऱ्या आणि विणणाऱ्या बायका आहेत. म्हणजे दिवसभर हात चालू, तरी नाव गरिबांच्या यादीत.

त्यातच फॅशन बदलली. शहरी लोकांना काठाच्या, नमद्याच्या हॅट आवडू लागल्या. त्यात परदेशी मालही पुष्कळ. विणलेल्या टोपीचा खप घसरला आणि व्यापाऱ्यांनी राणीच्या दरबारी गाऱ्हाणं नेलं. १५७१ साली पहिल्या एलिझाबेथ राणीच्या संसदेने कायदा केला: सहा वर्षांवरच्या प्रत्येकाने रविवारी आणि सणाच्या दिवशी इंग्लंडमध्येच विणलेली, तिथेच तयार केलेली लोकरीची टोपी घातली पाहिजे. नाही घातली तर त्या दिवसाचा दंड ३ शिलिंग ४ पेन्स. साध्या मजुराची निदान चार दिवसांची कमाई त्यात जाई. सूट कुणाला? सरदार-उमरावांना, मोठ्या जमीनदारांना, उच्च घराण्यातल्या बायकांना आणि अविवाहित मुलींना. बाकी सगळ्यांनी टोपी घालायची!

कायद्यात या धंद्यावर पोट असणाऱ्यांची यादी दिली होती. पिंजणारे, कातणारे, विणणारे, तुडवणारे, रंगवणारे, कातरणारे, अस्तर लावणारे, अशी डझनाहून जास्त कामं. मला हा कायदा वाचताना ही यादीच महत्त्वाची वाटते. एका टोपीमागे किती हात आहेत, हे सरकारी कागदावर आलं. पण विणणारीला टोपीमागे किती द्यायचं, याबद्दल कायद्याला काही म्हणायचं नव्हतं.

लोकांनी त्या टोपीला 'कायद्याची टोपी' असं नावच पाडलं. शेक्सपिअरच्या नाटकातही तिचा उल्लेख येतो, आणि तो काही मानाचा नाही. ज्याला परवडेल तो हॅट घाली, कायद्याची टोपी राहिली साध्या माणसाच्या डोक्यावर. सक्तीने गिऱ्हाईक मिळतं, पण आवड मिळत नाही. २६ वर्षांनी, १५९७ साली, कायदा मागे घेतला गेला.

विणणाऱ्या हातांचं काय झालं? ते मोज्यांकडे वळले. गुडघ्यापर्यंतच्या लोकरी मोज्यांना मागणी वाढत होती आणि हाताने विणलेले मोजे पुढे परदेशीही जाऊ लागले. १५८९ साली विल्यम ली या पाद्र्याने मोजे विणायचं यंत्र बनवलं, तरी हातविणीचे मोजे त्यानंतर पुष्कळ वर्षं टिकले.

टोपी पूर्ण गेली नाही. खलाशांनी आणि सैनिकांनी ती सोडली नाही, कारण वाऱ्यात ती उडत नाही. वेल्सच्या सीमेवरच्या मॉनमथ गावाच्या नावाने ती ओळखली जाई, आणि अमेरिकेत वस्ती करायला निघालेल्यांच्या सामानातही ती असे. मॉनमथच्या संग्रहालयात तसली एक टोपी आहे. रंग तपकिरी, सूत जाड, गोल विणलेली. खालची कड दुमडून दुहेरी केली आहे, कडेला खुंटीवर अडकवायला छोटा फास, आणि शेंड्यावर लोकरीचीच गुंडी. हौशी विणणाऱ्या आजही तिचे टाके बघून तशाच टोप्या करतात.