स्नायुशिथिलता उतरवणारी औषधे
शस्त्रक्रियेच्या अखेरीस स्नायुशिथिलकांचा प्रभाव घालवण्यासाठी भूलतज्ज्ञ जी औषधे देतात, त्यांना 'रिव्हर्सल' म्हणतात. त्यांमुळे श्वसन व हालचाल पूर्ववत होते. शुद्ध मात्र भूलद्रव्य उतरल्यावरच येते.

निओस्टिग्मिन ॲसिटिलकोलिनचे विघटन रोखते, तर सुगमाडेक्स रोक्युरोनियमच्या रेणूला वेढून निष्क्रिय करते. ही दोन्ही मेंदूत फारशी शिरत नाहीत.

== स्मृतीवरील परिणाम ==
निओस्टिग्मिनमुळे मंदावणारे हृदयाचे ठोके सावरण्यासाठी सोबत ॲट्रोपिन किंवा ग्लायकोपायरोलेट देतात. ॲट्रोपिन मेंदूत पोहोचते आणि वृद्धांमध्ये संभ्रम व विस्मरण निर्माण करू शकते; ग्लायकोपायरोलेट सहसा पोहोचत नाही. याउलट, शिथिलता पुरती न उतरल्यास श्वसन दुर्बल राहून रक्तातील ऑक्सिजन घटतो आणि त्यानेही संभ्रम होऊ शकतो. त्यामुळे विस्मरणाच्या भीतीने रिव्हर्सल टाळणे हितकारक नसते.