आपला पैलवान आणि मोठा पैलवान

मुक्ताईनगरात कुस्तीचा विषय निघाला की निकाल आधीच ठरलेला असतो. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचा विजय चौधरी मोठा, नरसिंग यादव त्याच्या खाली. यात्रेतल्या दंगलीत रेवड्यांच्या कुस्त्या चालू असतात तेव्हाही कडेला बसलेले जुने वस्ताद हेच सांगतात. विजयबद्दल मलाही अभिमान आहे. पण हे मत चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे आहे हे खानदेशातल्याच कुणीतरी सांगायला हवे.

पूर्वपक्ष दुबळा करून पाडण्यात काही पुरुषार्थ नाही, म्हणून तो आहे तसा मांडतो. नरसिंगने २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा उचलली. लगोलग २०१४, २०१५ आणि २०१६ साली विजयने तोच पराक्रम केला. गदा सारख्याच. शिवाय २०२३ साली कॅनडातल्या विनिपेगला पोलिसांच्या जागतिक स्पर्धेत विजयने सुवर्ण जिंकले. विजय इथल्या मातीतला, नरसिंगचे कुटुंब वाराणसीकडचे. विजयच्या नावावर डाग नाही, नरसिंगवर उत्तेजकांच्या प्रकरणात बंदी आली. आणि आपल्याकडे विजयच्या नावाने जशी गर्दी लोटते, तशी नरसिंगच्या नावाने लोटत नाही. युक्तिवाद भक्कम वाटतो. तपासून पाहू.

आधी गदा. महाराष्ट्र केसरीत माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता शेवटी गादीवर भिडतात, आणि हा गट वजनदारांचा. तिथे अंगाला अंग लागले की निम्मी कुस्ती वजनच खेळते. नरसिंगचा जगातला गट कोणता होता? ७४ किलो. याच गटात त्याने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण घेतले, २०१४ साली इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत कांस्य, आणि २०१५ साली लास वेगासला जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कांस्य. असा मल्ल घरी येऊन धिप्पाड गड्यांच्या गटात उतरतो आणि तीनदा गदा नेतो. विजयचा देह मुळातच त्या गटाचा. यात विजयचा दोष नाही. पण तीन बरोबर तीन हे गणित इथेच मोडते.

विनिपेगच्या सुवर्णाचे मला कौतुकच आहे. मात्र ती पोलीस आणि अग्निशमन दलातल्या कर्मचाऱ्यांची स्पर्धा. जागतिक अजिंक्यपदाला देशोदेशीचे निवडक मल्ल येतात. दोन्हींच्या नावात ‘जागतिक’ आहे म्हणून दोन्ही एका तोलाच्या होतात का?

आता परकेपणा. हा मुद्दा सर्वांत जोरात मांडला जातो आणि सर्वांत पोकळ आहे. नरसिंग वाढला मुंबईत, घडला कांदिवलीच्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या (साई) केंद्रात, जगमाल सिंग यांच्या हाताखाली. कांदिवली महाराष्ट्राबाहेर कधी गेली? आणि बाहेरचा मल्ल आपला नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी शाहू महाराजांचे काय करायचे ते ठरवावे. त्यांनी उत्तरेकडचे पैलवान कोल्हापुरात आणून सांभाळले, आणि १९१२ साली बांधून झालेल्या खासबागेत पंजाबी आणि मराठी मल्लांच्या लढती लोकांनी डोक्यावर घेतल्या. मराठी कुस्ती त्यामुळे बाटली नाही. वाढली. विजयलाही खानदेश सोडून सरावासाठी पुणे गाठावे लागले. पुण्यातल्या आखाड्यात त्याला कुणी परका म्हटले असते तर आपण काय म्हटले असते?

असा प्रकार फक्त आपल्याकडेच होतो असे नाही. इंग्लंडमध्ये फ्रँक ब्रुनो हा मुष्टियोद्धा घराघरांत लाडका होता. लेनॉक्स लुईस जन्मला लंडनमध्येच, पण १९८८ सालचे सोल ऑलिंपिकचे सुवर्ण त्याने कॅनडासाठी जिंकले होते. त्यामुळे अनेक इंग्रजांना तो कधीच पुरता आपला वाटला नाही. १९९३ साली कार्डिफला त्याने ब्रुनोला सातव्या फेरीत हरवले, पुढे १९९९ साली निर्विवाद जगज्जेता झाला. प्रेम तरी ब्रुनोकडेच राहिले. राहू दे. पण ब्रुनोची कारकीर्द मोठी असे आज कोणता जाणकार म्हणेल? गर्दीचा मुद्दाही इथेच निकालात निघतो.

राहिला डाग. २०१६ साली रिओ ऑलिंपिक चालू असताना क्रीडा लवादाने नरसिंगवर चार वर्षांची बंदी घातली. आपल्या अन्नात कुणीतरी उत्तेजक कालवले, हा त्याचा दावा भारतातल्या उत्तेजकविरोधी संस्थेने मानला होता, लवादाने मानला नाही. ती बंदी मी झाकत नाही. ती त्याच्या कारकिर्दीतली मोठी खोट आहे. पण नमुने घेतले गेले २०१६ साली. लास वेगासचे कांस्य त्याआधीचे, गदा तर त्याहून आधीच्या. २०१६ची बंदी मागे जाऊन २०११च्या आखाड्यात कुणाला चितपट करू शकत नाही.

मला खरा राग येतो तो याचा, की या तुलनेत नुकसान विजयचेच होते. नरसिंगला खाली ओढल्याशिवाय विजय वर दिसत नाही, असे त्याचे चाहतेच नकळत कबूल करतात. वास्तविक त्याला असला टेकू कशाला हवा? कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे यांनी गाजवलेल्या या स्पर्धेत जळगाव जिल्ह्यातला एक मल्ल २०१६ साली तिसऱ्या गदेसाठी पुण्यात वारज्याला उतरला. समोर पुण्याचाच अभिजित कटके, मैदान त्याचे, प्रेक्षक त्याचे. हा अभिजित काही लेचापेचा गडी नव्हता. पुढच्याच वर्षी भूगावला गदा त्याने उचलली. अशा मल्लाला त्याच्या घरच्या मैदानात हरवून विजय तिसऱ्यांदा महाराष्ट्र केसरी झाला. यात नरसिंगचे नाव कुठे येते?