क्वॅक म्हणजे बदक नव्हे

परवा एका काकांची उपाशीपोटीची साखर ३४० निघाली. चार महिन्यांपूर्वी गोळ्या बंद करून त्यांनी कुणा 'डॉक्टरां'ची पुडी सुरू केली होती. "क्वॅक दिसतोय," मी पुटपुटलो. सोबतचा नातू म्हणाला, "सर, क्वॅक तर बदक करतं ना?"

इथे बदकाचा थेट संबंध नाही. मूळ डच शब्द 'क्वाकझाल्व्हर'. 'झाल्फ' म्हणजे मलम आणि 'क्वाक' म्हणजे बडबड, बढाई. बाजारात ओरडून मलम विकणारा तो क्वाकझाल्व्हर. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला. सतराव्या शतकात त्याचे शेपूट गळून नुसता 'क्वॅक' उरला. इटालियनमधून आलेले त्याचे भाऊबंदही असेच. 'माउंटबँक' म्हणजे बाकावर चढून माल विकणारा, आणि 'शार्लटन'चा संबंधही बडबडीशी जोडतात.

गंमत म्हणजे, औषध लागू पडत नाही असे यातला एकही शब्द म्हणत नाही. सगळा रोख बोलण्यावर! कारण उघड आहे. तेव्हाचे पदवीधर डॉक्टर तरी काय करत? रक्त काढत, जुलाब देत, गरमीवर पारा चोळत. रुग्णाच्या दृष्टीने दोघांत फरक थोडाच होता. (हे आम्ही डॉक्टर सहसा सांगत नाही.)

गेरार्ड डाऊ या डच चित्रकाराने १६५२ साली असा एक क्वॅक रंगवला. त्याच्या टेबलावर मोठ्या मोहरेचा कागद लटकतो आहे. आजच्या भिंतीवरच्या फ्रेम केलेल्या प्रमाणपत्राचा पणजोबाच म्हणा ना!

ब्रिटनमध्ये १८५८ च्या कायद्याने डॉक्टरांची नोंदवही आली, तरी नोंदणी नसलेल्यांना उपचार करायला बंदी नव्हती. फक्त नोंदणीकृत असल्याचा खोटा दावा करायचा नाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये व्याख्या अधिक कडक केली: ज्या पद्धतीचे ज्ञान नाही त्या पद्धतीने उपचार करणारा तो क्वॅक. म्हणजे एका शास्त्राची पदवी असलेला माणूसही दुसऱ्या शास्त्रात क्वॅक ठरू शकतो.

काकांना विचारले, "त्यांच्याकडे का गेलात?"

"ते अर्धा तास बोलतात हो, साहेब. सगळं समजावून सांगतात."

मागच्या खेपेला मी त्यांना फार तर पाच मिनिटे दिली असतील. गोळ्या पुन्हा सुरू केल्या, उरलेली पुडी घेऊन परवा यायला सांगितले, आणि बाहेर नंबर थोडे उशिरा सोडायला सांगितले.